दुकानात सगळंच घुमतं

युकुलेले घेताना त्याचं लाकूड बघावं लागतं, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. त्याआधी मला तो शब्दही बोलता येत नव्हता. अजून नीट येत नाही. शेजारची अक्का त्याला 'तुमची ती छोटी गिटार' म्हणते. मी दुरुस्त करत बसत नाही.

वाद्य मूळचं नातीचं. मुलगी हेब्बाळला राहते, मी के. आर. पुरमला. एकाच गावात म्हणायचं, पण मधल्या रस्त्यावर एवढी गाड्यांची रांग असते की ती महिन्यातून एकदा येते. येताना तिच्या फ्लॅटमध्ये न मावणारं काहीतरी घेऊन येते. जुना पंखा, नातीची लहानपणची सायकल, चाक तुटलेली बॅग. माझं घर म्हणजे त्यांचं गोदाम. नात काही दिवस युकुलेलेच्या क्लासला गेली, मग तिला कंटाळा आला, आणि एका रविवारी युकुलेले माझ्या कपाटावर येऊन पडलं.

बरेच महिने ते तिथंच होतं. एकदा धूळ झटकताना फडकं तारांना लागलं. खाली काढून बघितलं तर चार तारा. मी ते गिटारसारखं आडवं धरलंच नाही. खुर्चीत बसले, उभं धरून खांद्याला टेकवलं, आणि पहिली तार मधल्या बोटानं, बाकीच्या तीन तर्जनीनं, अशा एकामागून एक छेडल्या. हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

हे कुठून आलं ते सांगायला पाहिजे. आमचे मालक गायचे. पोटाचा धंदा गाण्याचा नव्हता. सरकारी कारखान्यात लेथवर होते. पण सकाळी ड्यूटीला जायच्या आधी बसायचे, आणि शनिवारी संध्याकाळी ओळखीची चार मराठी माणसं जमली की मोठी बैठक व्हायची. मी निपाणीकडची, शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन इथं आले तेव्हा मालकांनी पहिल्याच महिन्यात मला एक ओळ गायला लावली. ऐकली, आणि म्हणाले, "राहू दे. तू तंबोरा धर."

मला राग आला नाही. खरंच होतं ते. माझा गळा म्हणजे दाराची बिजागरी. तर मी तंबोरा धरला, आणि मालक होते तोवर धरला. तंबोरा धरायचं काम सोपं आहे आणि कंटाळवाणं आहे. गाणाऱ्याच्या मागं बसायचं. एका चालीनं छेडत राहायचं. गाणारा दम घ्यायला थांबला, पाणी प्याला, खोकला, तरी आपण थांबायचं नाही. बघणारे गाणाऱ्याकडं बघतात, तंबोरेवालीकडं कुणी बघत नाही. ते बरंच असतं. रात्रीच्या भाजीचा विचार करता येतो.

एक मात्र होतं. तंबोरा लावायचं काम मालकांचं. खुंटीला मला हात लावू द्यायचे नाहीत. "तुझा हात जड आहे," म्हणायचे. ते कान लावून खुंट्या पिळत बसायचे आणि मी शेजारी हात मांडीवर ठेवून वाट बघत बसायची. झालं की तंबोरा माझ्याकडं द्यायचे.

ते गेल्यावर तंबोरा मी देऊन टाकला. लोकांना वाटतं रडतबिडत दिला असेल. तसं काही झालं नाही. माझा खांदा दुखत होता, खाली मांडी घालून बसता येत नव्हतं, एवढा मोठा भोपळा कोपऱ्यात उभा, त्याच्यामागं झुरळं. लावणारं माणूस नाही आणि गाणारंही नाही. गाणं शिकणारी एक बाई विचारत होती, तिला म्हटलं घेऊन जा. ती माझ्या पाया पडली. रिक्षात तंबोरा आडवा बसेना, म्हणून तिनं तो लहान पोराला घेतात तसा मांडीवर उभा धरला. रिक्षा वळली आणि मी दार लावलं.

त्यानंतर घरात काही झालं नाही. काही म्हणजे काहीच झालं नाही. सकाळी चहा करायचा, प्यायचा, कप विसळायचा. खाली भाजीवाला कन्नडमध्ये ओरडून जायचा. दुधाची पिशवी दाराला लटकवून माणूस निघून जायचा, तोंडही दिसायचं नाही. कधी कधी दुपारपर्यंत माझ्या तोंडातून शब्द निघालेला नसायचा, आणि मराठी शब्द तर मुलीचा फोन येईपर्यंत नाही. याची सवय होते. पण एक दिवस माझ्या लक्षात आलं की फ्रिज घूं करून सुरू झाला की माझी बोटं मांडीवर हलायला लागतात. मधलं एकदा, तर्जनी तीनदा. फ्रिज बंद झाला की बोटं बंद. फ्रिजच्या मागं बसून तंबोरा धरलेली बाई! मला माझीच लाज वाटली.

मुलीला मी गंमत म्हणून सांगितलं. तिनं गमतीत घेतलं नाही. पुढच्या खेपेला येऊन माझ्या फोनमध्ये तंबोरा घालून दिला. बोट लावलं की सुरू. आवाज चांगला आहे, खोटं कशाला बोलू. मी तो लावला, भांडी घासली, केर काढला, परत आले तर आपला वाजतोच आहे. त्याला माझी काही गरज नव्हती. मी बंद केला आणि पुन्हा लावला नाही.

म्हणून ते युकुलेले हातात आल्यावर मी खाली ठेवलं नाही. खुंट्या मीच पिळल्या. कुणी अडवणारं नव्हतं. मालकांचा सूर काळी एक. तो माझ्या कानात बसलेला आहे, पेटी लागत नाही. कडेच्या दोन तारा पंचमात आल्या, मधल्या दोन सैल-घट्ट करून षड्जात आणल्या. शेवटी खर्ज पाहिजे तिथं पुन्हा पंचमच, पण चालवून घेतलं. आठवडाभर खटाटोप केला तेव्हा जमलं. माझा हात जड नाही, हे मला इतक्या वर्षांनी समजलं, आणि सांगायला कुणी नव्हतं.

पण तारा नायलॉनच्या. टुण म्हणायचं आणि संपायचं. दुसरी तार छेडेपर्यंत पहिलीचा पत्ता नसायचा. तंबोऱ्याचं तसं नसतं. पहिली तार अजून चालू असते तोवर दुसरी येऊन तिच्यात मिसळते, मग तिसरी, मग चौथी, आणि पहिली संपायच्या आत आपण परत पहिलीवर आलेलो असतो. आवाज कुठं तुटत नाही. मला तेवढंच पाहिजे होतं. सकाळच्या चहानंतर थोडा वेळ, माझ्या हातानं काढलेला आणि मधे न तुटणारा आवाज. गाणं नको होतं.

मालकांच्या तंबोऱ्याच्या जादा तारा एका डब्यात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. पोलादी. मी नायलॉन काढून त्या चढवल्या. काय आवाज आला! खोली भरली. चार-पाच सकाळी मी अशी बसले की चहा दोनदा गार झाला. मग एका सकाळी मी आंघोळीला गेले असताना बाहेर फाटकन आवाज झाला. मला वाटलं मांजरानं काहीतरी पाडलं. येऊन बघते तर तारा ज्या पट्टीला बांधलेल्या असतात ती पट्टी, आम्ही तंबोऱ्यात जिला घोडी म्हणतो ती, मुळापासून उखडून तारांना लोंबत होती.

मुलीला फोन केला.

"मोडलं."

"काय मोडलं? आई, पडलीस का तू? कुठं लागलं?"

"मी कशाला पडू? तुझ्या लेकीचं युकुलेले मोडलं. तंबोऱ्याच्या तारा लावल्या होत्या."

मग ती हसायला लागली. "आई, त्याला स्टील चालत नाही गं! नायलॉनच लावायचं असतं!"

"असं त्याच्यावर कुठं लिहिलंय?"

मागून नात ओरडली, "आज्जी, आता चांगलं घे! ते लॅमिनेट होतं, फालतू. सॉलिड वूड घे. वूडवर टोन असतो!"

"काय म्हणते ही?"

"म्हणते की ते चिकटवलेल्या फळ्यांचं होतं, आता अखंड लाकडाचं घे. लाकडाप्रमाणे आवाज बदलतो. थांब, मी ऑनलाइन मागवते."

"वाजवून न बघता? मडकं तरी असं घेतेस का तू?"

"मी मडकं घेतच नाही, आई."

नातीनं मला फोनवर व्हिडिओ पाठवले. गोरे गोरे लोक एकामागून एक युकुलेले उचलतात, तेच गाणं वाजवतात आणि इंग्रजीत लाकडाचं नाव सांगतात. महोगनी, कोआ, स्प्रूस. एक तर आंब्याचं होतं. आमच्याकडं आंब्याच्या फळ्यांची खोकी करतात आणि होमाला ढलप्या वापरतात. त्याचं वाद्य करतील हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. मी सगळे व्हिडिओ बघितले. फोनच्या एवढ्याशा भोकातून सगळी लाकडं सारखीच वाजत होती.

मुलगी म्हणाली, रविवारी जयनगरला दुकानात नेते. रविवारी तिला ऑफिसचं काम निघालं. पुढच्या रविवारी नातीची परीक्षा होती. त्याच्या पुढच्या रविवारी मी विचारलंच नाही. मंगळवारी मोडकं युकुलेले कापडी पिशवीत घातलं आणि मेट्रोत बसले. मॅजेस्टिकला गाडी बदलल्यावर एका पोरीनं उठून जागा दिली आणि पिशवीतून बाहेर आलेली मान बघून विचारलं, "नातवाचं का?" मी हो म्हटलं. एवढं सगळं कोण सांगत बसणार?

दुकान जिन्यानं वर होतं, खाली साड्यांचं. आत तिन्ही भिंतींवर गिटारी आणि युकुलेली टांगलेली, हात ठेवायला जागा नाही. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा डोक्यावर चढवलेला. मी कन्नडमध्ये बोलले म्हणून त्याला बरं वाटलं. इथं लिहिताना मी ते मराठीत लिहिते आहे.

पिशवीतलं काढून टेबलावर ठेवलं. त्यानं घोडी उचलून बघितली.

"अज्जी, कुणी केलं हे?"

"मी."

"पोलादी तार लावली होती?"

"तंबोऱ्याची."

तो हसत हसत स्टुलावर बसला. "तंबोऱ्याची! अज्जी, गिटारची लावलेले लोक येतात माझ्याकडं. तंबोऱ्याची कुणी लावली नव्हती."

"झालं का हसून?"

"सरी, सरी, बरं." त्यानं चष्मा खाली घेतला. "हे बघा. याची ही वरची फळी पापडासारखी पातळ असते. पातळ असते म्हणून तर आवाज येतो. नायलॉनचा ताण तिला झेपतो. पोलाद ओढायला लागलं की चिकटवलेलं सगळं सोडून देते. पण फळी फाटलेली नाही, हे नशीब. डिंकानं पुन्हा बसेल."

मग त्यानं मला चार वेगवेगळ्या लाकडांची काढून दिली. देताना प्रत्येकावर तेच एक उड्या मारणारं गाणं वाजवून दाखवलं, लग्नाच्या वरातीत बसेल असं. मी म्हटलं, "अण्णा, असं नको. मला माझ्यासारखं लावू दे." त्यानं दिलं. मी खुंट्या पिळून पंचम-षड्ज करायला लागले तेव्हा तो आधी कपाळाला आठ्या घालून बघत होता, मग म्हणाला, "श्रुती लावताय होय, तंबोऱ्यासारखी!" आणि बाकीची तीन त्यानंच तशी लावून दिली.

आधी मी प्रत्येकाच्या पाठीवर बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं. ते बघून तो पुन्हा हसला, पण मी सोडलं नाही. मग छेडून बघितलं. स्प्रूस म्हणजे पांढरं, पाइनच्या खोक्यासारखं दिसणारं लाकूड. त्याचा आवाज मोठा, ताट पडल्यासारखा, आधी दचकायला होतं. कोआ दिसायला सगळ्यात सुंदर, सोनेरी, आत लाटा असल्यासारखं. आवाजही गोड आणि स्वच्छ, प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. मला तार वेगळी ऐकू यायला नकोच होती. आंब्याचं मऊ होतं. खोक्यांचं लाकूड म्हणून मी नाक मुरडलं होतं, पण तेवढं वाईट नव्हतं. महोगनी लाल काळसर, आणि आवाज खालच्या अंगाचा, अंगावर शाल घेऊन बोलणाऱ्या माणसासारखा.

पण मला हवं होतं ते सगळ्यांत होतं. चारही लांब चालत होती! पहिली तार छेडावी, दुसरी, तिसरी, चौथी, आणि पहिलीचा आवाज अजून आहेच. मला कळेना. घरचं तर टुण करून मरायचं. अखंड लाकडाचा एवढा फरक पडतो का? मी कोआ घेतलं, मग पुन्हा महोगनी, मग पुन्हा आंबा. सगळी घुमत होती. मी मनात म्हटलं, मग सगळ्यात स्वस्त असेल ते घ्यावं आणि घरी जावं.

तेवढ्यात खालून कुणीतरी दुकानदाराला हाक मारली. काय झालं बघायला मी थांबले आणि तारांवर तळहात ठेवला. तारा गप्प झाल्या. आवाज चालूच राहिला.

मी हातातल्या वाद्याकडं बघितलं. हात तारांवर घट्ट होता. आवाज वरून, बाजूनं, मागून येत होता. हळूहळू विरला.

"अण्णा," मी म्हटलं, "हे कोण वाजतंय?"

"कुठं?"

मी पुन्हा छेडलं आणि हात ठेवला. त्यानं मान वर केली. "अय्यो, ते होय! ही भिंत वाजतीय अज्जी. सगळ्या तारा मोकळ्या टांगलेल्या आहेत ना. एक वाजलं की ज्यांचा ज्यांचा सूर जुळतो ते सगळे आपोआप वाजतात. मला आता ऐकूही येत नाही. रोजचंच आहे."

हे मला काही नवीन नव्हतं. दोन तंबोरे शेजारी ठेवले आणि एक छेडला तर दुसरा हुंकार देतो, हे मी किती शनिवारी बघितलं होतं. तरी दुकानात लक्षात यायला तळहात ठेवावा लागला.

"म्हणजे तुझ्या दुकानात वाईट वाद्यसुद्धा चांगलंच वाजणार."

"थोडं तसंच," तो म्हणाला. खोटं बोलला नाही. "तुमच्या घरी आणखी कुठली वाद्यं आहेत?"

"माझ्या घरी फ्रिज आहे."

तो मला मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथं रिकामी पुठ्ठ्याची खोकी, थर्माकोल, कापडी कव्हरं. तिथं आवाज भिंतीपर्यंतही जात नाही. "स्वल्प बसा," म्हणाला, आणि एका खोक्यावर मला बसवून चारही वाद्यं आणून दिली. दार ओढून घेतलं.

तिथं खरं काय ते कळलं. स्प्रूस मोठ्यानं ओरडून लगेच गप्प. कोआ चार थेंब पडल्यासारखं, टप टप, मधे कोरडं. आंबा तर ऐकायच्या आत संपला. महोगनीची तार तिसरी तार येईपर्यंत कशीबशी टिकली, चौथीला नाही. मी सावकाश छेडलं, मग भरभर छेडलं. भरभर केलं की आवाज जोडला जायचा, पण ते तंबोरा छेडणं राहिलं नाही, खाजवणं झालं. मी तिथं खोक्यावर बरीच बसले. जिथं कुणी साथ देत नाही तिथं हे वाद्य किती चालतं, ते मला बघायचं होतं, आणि बघून झालं होतं. उठायचं मन होत नव्हतं, एवढंच.

दुकानदार चहा घेऊन आला. माझ्या तोंडावरून त्याला कळलं असावं.

"अज्जी, युकुलेले थांबणारं वाद्य आहे. त्याचा स्वभावच तो. तुम्हाला न थांबणारं पाहिजे. विजेवरचा तंबोरा घ्या ना. पेटीएवढा येतो, बटण दाबलं की झालं."

"तो फोनमध्ये आहे."

"मग? गाणारं कोण आहे घरात?"

"कुणी नाही."

"तुम्ही गाता?"

"नाही."

तो चहाचा पेला हातात धरून उभा राहिला. आता तो काहीतरी गोड बोलेल अशी मला भीती वाटली. बोलला नाही. म्हणाला, "मग महोगनी घ्या. यातल्या त्यात तेच टिकतं."

मीही मनात तेच म्हणत होते. पण पटकन हो म्हणवेना. पुन्हा एकदा महोगनी उचललं, आणि या खेपेला उभं न धरता छातीशी आडवं धरलं, नातीसारखं. छेडलं तर आवाज कानाला जेवढा आला त्याच्यापेक्षा जास्त बरगड्यांना आला. कानाला संपल्यावरही तिथं थोडा होता. तंबोऱ्याचा भोपळा मांडीला लागतो तेव्हा असंच व्हायचं. बाकीची तीनही छातीशी धरून बघितली. स्प्रूसचा फक्त धक्का लागला. कोआचा आणि आंब्याचा काही पत्ताच नाही.

"हे दे," मी म्हटलं.

तो मोडकं ठेवून घेणार होता, दुरुस्त करून देतो म्हणून. मी म्हटलं, एवढ्या लांब पुन्हा यायचं माझ्यानं होणार नाही, कसं करायचं ते सांग. त्यानं सांगितलं. जुना डिंक खरवडून काढायचा, सुतारांचा पांढरा डिंक लावायचा, वर वजन ठेवायचं, आणि घाई करायची नाही. नायलॉनच्या तारांची एक पुडीही दिली. जिना उतरताना माझ्या दोन्ही पिशव्या त्यानं खालपर्यंत आणून दिल्या आणि म्हणाला, "आता पोलाद लावू नका अज्जी."

"गप रे," मी मराठीत म्हटलं. त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी नवीन घेऊन बसले. खोली होती तशीच, समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर. छेडलं. मागच्या खोलीत वाजलं होतं तसंच वाजलं. चौथ्या तारेपाशी तुटलं. महोगनीचा काही दोष नव्हता, मला माहीत असूनच मी घेतलं होतं. तरी मी दोन-तीनदा वर भिंतीकडं बघितलं. थोडा वेळ छेडलं आणि ठेवून दिलं. फ्रिज सुरू झाला. तो काळी एकला लागत नाही, मधेच कुठंतरी आहे. इतकी वर्षं मी बेसुऱ्याच्या मागं बोटं हलवत होते.

मग जुन्याचं काम काढलं. दुसरं काही नव्हतं. विळीच्या टोकानं डिंक खरवडला, नवा लावला, घोडी बसवली. वर वजन काय ठेवायचं? घरात एकच वजन आहे, सासूचा वरवंटा. मिक्सर आल्यापासून तो ओट्याखाली पडून होता. खाली फडकं घालून घोडीवर वरवंटा ठेवला आणि सांगितल्यापेक्षा जास्त दिवस तसाच राहू दिला. रोज सकाळी मी त्याच्याकडं बघायची आणि हात लावायची नाही. तेवढ्यात मुलीचा फोन आला, नातीकडून तिला कळलं होतं.

"घेतलंस म्हणे? एकटी गेलीस? मी नेणार होते ना!"

"नेणार होतीस."

"बरं बाई. कसा आहे आवाज?"

"दुकानात बरा होता."

"म्हणजे? घरी बरा नाही? मग बदलून घेऊ आपण. मी रविवारी येते."

"बदलायचं काही नाही. वाद्य चांगलं आहे."

"मग बिघडलंय काय?"

"रविवारी ये," म्हटलं. "काही आणू नकोस. गोदाम भरलंय."

घोडी घट्ट बसली. मी जुन्याला नायलॉनच्या तारा लावल्या आणि दोन्ही वाद्यं एका सुरात लावायला घेतली. चिकटवलेल्या फळ्यांचं असल्यामुळं जुनं लवकर उतरतं, मग ते चढवलं की नवीन थोडं कमी वाटतं, मग परत पहिल्यापासून. यात अर्धी सकाळ जाते. मालक का एवढा वेळ लावायचे ते आता कळतं.

आधी जुनं गादीवर ठेवलं आणि नवीन छेडलं. काही नाही. भिंतीला खिळा मारून टांगलं. कान देऊन ऐकलं तर असल्यासारखं वाटलं, नसल्यासारखंही. मग जेवायच्या टेबलावर ठेवलं. टेबल जुनं, जड, मालकांनी कारखान्यातल्या सुताराकडून करून घेतलेलं. मी खुर्ची ओढून बसले, नवीन छातीशी धरलं आणि त्याची खालची कड टेबलाला टेकवली. चार तारा छेडल्या आणि तळहात ठेवला.

टेबलावरचं जुनं वाजत होतं. दुकानातल्या भिंतीसारखं नाही. फार बारीक, शेजारच्या घरात कुणी तोंड मिटून गुणगुणत असावं एवढं. फ्रिज चालू असता तर ऐकूही आलं नसतं.

आता मी टेबलाशीच बसते. फ्रिजचं बटण तेवढा वेळ बंद करते. दूध नासत नाही. चौथ्या तारेला अजूनही तुटतं, पण तुटतं तिथं खाली टेबलात थोडंसं असतं, आणि ते संपायच्या आत मधलं बोट पहिल्या तारेवर आलेलं असतं. शेवटी हात ठेवून मी थांबते. जुनं गप्प होईपर्यंत हात उचलत नाही. मग दोन्ही पुसून ठेवते, फ्रिज सुरू करते आणि भाजी निवडायला घेते.

मुलगी त्या रविवारी आली नाही. पुढच्या रविवारी येईन म्हणाली आहे. आली की जुनं परत नेते का, असं मी तिला विचारणार नाही.